आधी केबल आणि पोर्ट बघा

३०० एमबीपीएसचा प्लॅन घेऊनही स्पीड ९४च्या वर जात नाही, तर नवा महागडा वायफाय ७ राउटर घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत, अजून खिशात हात घालू नका. तो ९४ आकडाच बरंच काही सांगतोय. १०० एमबीपीएसच्या इथरनेट पोर्टमधून (नेटची केबल जिथे खोचतात ती जागा) प्रत्यक्षात साधारण तेवढाच वेग मिळतो. म्हणजे फायबरच्या डब्यापासून लॅपटॉपपर्यंत कुठेतरी १००चं काहीतरी अडकलेलं आहे.

राउटरचा वॅन पोर्ट, म्हणजे बाहेरून आलेली नेटची केबल जिथे लागते तो, गिगाबिट (१००० एमबीपीएसचा) आहे का, ते आधी बघा. असेल, तर केबल तपासा. गिगाबिटला केबलमधल्या आठही तारा लागतात. एक जरी निसटली तरी लिंक अनेकदा गुपचूप १००वर येते आणि नेट चालूच राहतं, त्यामुळे कुणाला संशयही येत नाही. आमच्याकडे हेच झालं होतं. केबलच्या टोकाचा कनेक्टर नव्याने क्रिंप करून (दाबून बसवून) घेतला आणि त्याच जुन्या राउटरवर २८०च्या पुढे स्पीड मिळाला!

पोर्टच १००चा निघाला तर मात्र राउटर जरूर बदला. गिगाबिट पोर्ट असलेला साधा ड्युअल बँड (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन्ही लहरींवर चालणारा) वायफाय ६ राउटर तुमच्या प्लॅनला भरपूर झाला. वायफाय ७चा खरा फायदा मोबाइल-लॅपटॉपही त्याच पिढीचे असतील तरच.

आतल्या खोलीत रेंज नसेल तर तो प्रश्न वेगळा. ५ गिगाहर्ट्झ जाड भिंतीपुढे लवकर दमतं. तिथे केबल ओढून दुसरा ॲक्सेस पॉइंट (वायफाय देणारा डबा) लावा.