कोजागिरीचा हिशोब, आयफोनची मेल आणि एक फॉरवर्ड (१२ ऑक्टोबर २०२२)

बी-३०२ काकू: *फॉरवर्डेड* सावधान‼️ आयफोनवर एक ईमेल येतोय. उघडला की बँक खातं रिकामं! अनोळखी मेल उघडू नका. सगळ्या ग्रुपवर पाठवा 🙏

सेक्रेटरी: झालं. कोजागिरीचा हिशोब कालच मेलवर टाकलाय, आता तोही कोणी उघडणार नाही 😄

ए-७०१: काकू, यात भानगड खरी आहे, बँकेचं तेवढं भरीचं. आयओएस १६ (आयफोनची सिस्टिम) च्या मेल ॲपमध्ये चूक निघाली होती. पैसे, पासवर्ड काही जात नाही, फक्त ॲप बंद पडतं. डिनायल ऑफ सर्व्हिस म्हणतात त्याला. चोर आत येत नाही, बाहेरून कडी लावून जातो.

बी-३०२ काकू: मग नाही उघडला मेल की झालं ना?

ए-७०१: तिथेच तर गोम आहे. उघडावा लागतच नाही. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात @ च्या आधी नाव हवं, तिथे नुसती दोन अवतरणचिन्हं, आत काही नाही. मेल यादीत आला की ॲप तो पत्ता वाचायला जातं आणि बंद. पुन्हा उघडा, पुन्हा तेच, कारण मेल सर्व्हरवर तसाच बसलेला.

डी-१०४: ॲप काढून परत टाकलं तर?

ए-७०१: उपयोग नाही, तोच मेल परत उतरणार. कॉम्प्युटरवर ब्राउझरमधून लॉगिन करून तो डिलीट करायचा. जर्मनीतल्या इक्विनक्स या सॉफ्टवेअर कंपनीने हे उजेडात आणलं, नाव दिलं मेलजॅक. ॲपलने १० तारखेला आयओएस १६.०.३ काढून दुरुस्त केलं. शोधायचं तर या त्रुटीचा नोंदणी नंबर सीव्हीई-२०२२-२२६५८.

सेक्रेटरी: उद्या १० ते १ टाकी साफसफाई, पाणी बंद. भरून ठेवा.

सी-५०३ आजोबा: माझा आयफोन ७ आहे. काय करू?

ए-७०१: काही नको आजोबा, त्यावर आयओएस १६ येतच नाही. ८ किंवा त्याच्या पुढचे असतील त्यांनी सेटिंग्ज, जनरल, सॉफ्टवेअर अपडेट.

डी-१०४: आम्ही अँड्रॉइडवाले निवांत 😎

ए-७०१: या वेळेपुरते 😏

बी-३०२ काकू: अरे, पण हे मी माहेरच्या ग्रुपवरही टाकलंय. तुझा मेसेज तिकडे पाठवू का?

ए-७०१: पाठवा ना. वरचा मात्र डिलीट फॉर एव्हरीवन करा.

सेक्रेटरी: १७ फ्लॅटची वर्गणी बाकी आहे. मेल अपडेट झाल्यावर बघावी.