मदत हवी आहे: रुकी (म्हणजे पहिल्या) सीझनलाच टॉपला असलेले एनबीए (अमेरिकन बास्केटबॉल लीग) प्लेयर

मंडळी, भावाशी पैज लागलीय त्यामुळे जरा मदत करा. तो म्हणतो प्लेयर पहिल्या वर्षी शिकतो आणि मग वर चढतो, मी म्हणतो सगळेच नाही चढत, काही जण येतानाच फुल फॉर्मात येतात आणि नंतर घसरगुंडी.

माझं पहिलं नाव मायकल कार्टर-विल्यम्स. ३० ऑक्टोबर २०१३, पहिलीच मॅच आणि समोर चॅम्पियन मायामी हीट, लेब्रॉनसारखे स्टार वगैरे सगळे, आणि या पोराने २२ पॉइंट, १२ असिस्ट, ७ रिबाउंड आणि तब्बल ९ स्टील (समोरच्याकडून बॉल हिसकावणं) मारले, वर फिलाडेल्फिया जिंकली पण! रुकी ऑफ द इयर झाला आणि दुसऱ्या सीझनच्या मध्येच टीमने ट्रेड करून (दुसऱ्या टीमला देऊन) टाकला. शूटिंग कधी सुधारलंच नाही बिचाऱ्याचं.

दुसरा वॉल्ट बेलामी, पहिल्याच सीझनला, १९६१-६२ ला, शिकागोकडून ॲव्हरेज ३१.६ पॉइंट, परत कधी तिथे पोचला नाही. पण तो हॉल ऑफ फेमवाला (म्हणजे दिग्गजांच्या मानाच्या यादीतला), त्यामुळे भाऊ म्हणतो चालणार नाही 🙄

खरा घोळ टायरीक एव्हान्सचा. सॅक्रामेंटोत पहिल्याच वर्षी, २००९-१० ला, ॲव्हरेज २०.१ पॉइंट, ५.३ रिबाउंड, ५.८ असिस्ट. पण २०१७-१८ ला मेम्फिसकडून १९.४ काढले आणि तेव्हा थ्री (लांबून मारलेले ३ पॉइंटचे शॉट) पण छान पडत होते, मग बेस्ट सीझन कुठला धरायचा? आणि अजून कोणी आठवतंय का, दुखापतीमुळे संपलेले सोडून? चहा-मिसळ पणाला लागलीय हो.