'विसरलेला माणूस' नेमका कोण?

प्रश्न: अमेरिकेतल्या महामंदीबद्दल वाचताना 'विसरलेला माणूस' म्हणजे बेकार, कंगाल मनुष्य असा अर्थ दिसला. विल्यम ग्रॅहम समनर या समाजशास्त्रज्ञाच्या संदर्भात मात्र तोच शब्द करदात्यासाठी आलाय. बरोबर कोणतं? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद: दोन्ही, पण समनरचा प्रयोग आधीचा. समनर (१८४०–१९१०) आधी पाद्री, मग १८७२ पासून अमेरिकेतल्या येल विद्यापीठात प्राध्यापक. सरकारने बाजारात हात घालू नये, या मताचा कट्टर. १८८३ मध्ये त्याने मांडलं ते असं: 'ड'चे हाल 'अ'ला बघवत नाहीत. तो 'ब'शी बोलतो आणि दोघे मिळून कायदा करवतात, की 'ड'साठी 'क'ने काय करावं. 'क'ला कुणी विचारलेलंच नसतं! समनरचा विसरलेला माणूस तो हा. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवतात ना, त्यातला हलवाई. मुकाट काम करतो, कर भरतो, कुणापुढे हात पसरत नाही.

एप्रिल १९३२ मध्ये, महामंदीच्या काळात, पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झालेल्या फ्रँकलिन रूझवेल्टने रेडिओवरच्या भाषणात आर्थिक पिरॅमिडच्या तळाशी असलेल्या माणसाला हेच नाव दिलं. 'क'ची पाटी 'ड'च्या गळ्यात गेली ती तेव्हा.

आणखी एक वाचक: म्हणजे समनर श्रीमंतांचा वकीलच की!

प्रतिसाद: इतकं सरळ नाही. गटारात पडलेला दारुडा आहे तिथेच योग्य आहे, असं तो लिहून गेलाय. हा कोरडेपणा मला तरी पचत नाही. पण कारखानदारांनाही त्याने सोडलं नाही. परदेशी मालावर जकात बसवून देशी गिरणीमालकाला जगवायचं, तर तेही 'क'च्याच खिशातून, हे त्याचं म्हणणं. थोडक्यात, 'ड' दरवेळी गरीबच असतो असं नाही. स्पेनशी युद्ध जिंकून अमेरिका फिलिपिन्स गिळायला निघाली, तेव्हाही तो विरोधात उभा राहिला. १८९९ च्या त्या व्याख्यानाचं नावच 'स्पेनने जिंकलेली अमेरिका'!

प्रश्नकर्ता: मग मराठीत 'दुर्लक्षित माणूस' चालेल का?

प्रतिसाद: समनरसाठी नको. 'दुर्लक्षित' म्हटलं की वंचितच डोळ्यांपुढे येतो, म्हणजे पुन्हा रूझवेल्टचा अर्थ. 'गृहीत धरलेला माणूस' जास्त जवळ जातं. मात्र दोघांचा उल्लेख एकाच लेखात असेल तर 'विसरलेला'च ठेवा, आणि कुणाचा ते लिहा.