३ डिसेंबरला सरकारी स्मृतिदिन मिळाला की न्याय झाला?

रामबागकर : काल इथे कुणी लिहिलं, "फाळणीच्या मृतांना १४ ऑगस्ट मिळाला, तसा केंद्राने ३ डिसेंबर भोपाळ वायुकांडातल्या मृतांसाठी जाहीर केला की न्याय झाला." न्याय? अधिसूचना म्हणजे राजपत्रातलं एक पान. तेवढ्याने निधी येत नाही. भोपाळात त्या दिवशी स्थानिक सुटी असतेच, पदरात काय पडलं? १९८९ मध्ये युनियन कार्बाइड कंपनीशी ४७ कोटी डॉलरवर प्रकरण मिटवलं आणि वाढीव भरपाईची याचिका १४ मार्च २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली.

छत्रीबाग : पान बिनकामाचं नसतं, त्यात काय लिहिलंय ते बघा. ३० जानेवारीच्या, म्हणजे हुतात्मा दिनाच्या, सूचनेत १०.५९ ला भोंगा, ११ ला दोन मिनिटं स्तब्धता, ११.०२ ला पुन्हा भोंगा, असं स्पष्ट आहे. सबब उरत नाही. भोपाळच्या वाट्याला काय, तर २ डिसेंबरचा राष्ट्रीय प्रदूषण नियंत्रण दिवस. माणसं भोपाळची मेली आणि नावात भोपाळच नाही!

सुदामानगर : नाव ज्यांचं दुःख त्यांना विचारून ठेवा. गुरू गोविंदसिंगांच्या मुलांच्या हौतात्म्यासाठी २६ डिसेंबरला 'वीर बाल दिवस' म्हटलं, शिखांची शिरोमणी गुरुद्वारा समिती 'साहिबजादे शहादत दिवस' मागते आहे. पण मंडळी, भोपाळची राख आपल्या इंदूरच्या उशाशी पीथमपुरात आहे, त्याचं काय? जानेवारी २०२५ मध्ये युनियन कार्बाइडच्या कारखान्यातला ३३७ टन विषारी कचरा १२ कंटेनरांतून तिथे जाळायला आला. आधी दहा-दहा टन जाळून तीन चाचण्या, ताशी १३५, १८० आणि २७० किलोने. आम्लवायू शोषायला चुना घालतात, म्हणून राख कचऱ्याच्या दुपटीहून जास्त भरली. जड धातू जळून नाहीसे होत नाहीत, त्यातले बरेच राखेत उरतात. ती पुरायची तर खाली अस्तर, झिरप ओढून घेणाऱ्या नळ्या, भोवती तपासणीच्या विहिरी लागतात. अस्तराचा एक सांधा उसवला की झिरप भूजलात. यशवंत सागर तलावाचं पाणी इंदूर पितं, हे विसरू नका.

रामबागकर : विषय स्मृतिदिनाचा आहे, राखेचा नाही!

सुदामानगर : विषय हाच आहे! भोपाळच्या कारखान्याच्या आवारातली माती आणि भूजल अजून दूषित आहे. ते तसंच ठेवून फुलं वाहायची?

छत्रीबाग : मग अधिसूचनेतच घाला : ३ डिसेंबरला भोपाळ आणि पीथमपूर, दोन्हीकडच्या विहिरींचे पाण्याचे अहवाल जाहीर वाचायचे. पारा, शिसं, निकेल, आकड्यांसकट.

रामबागकर : हे कलम असेल तर माझा विरोध मागे. नुसत्या मेणबत्त्या असतील तर नाही. आणि वाचणार कोण, कलेक्टर की प्रदूषण मंडळ, ते नावानिशी लिहा, नाहीतर दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतील.