डॅलसहून कोलोरॅडोत एल्कच्या शिकारीला जायचंय. वर्षभरात पैसे कसे साठवावेत?

रानवारा
नमस्कार मंडळी. पुढच्या वर्षी ऑक्टोबरअखेर, रायफलच्या दुसऱ्या हंगामात कोलोरॅडोत एल्कच्या (मोठ्या जातीच्या हरणाच्या) शिकारीला जायचं ठरतंय. मी आणि एक मित्र, दोघंही डॅलसला. गाइड घ्यायचा नाही, नॅशनल फॉरेस्टमध्ये तंबू ठोकून सात दिवस राहायचं. पगार दर दोन आठवड्यांनी होतो. घरखर्च, डे-केअर आणि गावी पाठवायचे पैसे वजा जाता महिन्याला दोनशे डॉलर बाजूला पडू शकतात. माझ्याकडे रायफल नाही, मित्राकडे दोन आहेत. मी एच-१बी वर आहे, तो ग्रीन कार्डवर.
दोनशे पुरतील का? कोणता खर्च लोकांच्या लक्षात राहत नाही? आणि रायफल विकत घ्यावी की मित्राची वापरावी?

पै_पैसा
पुरतील, पण काठावर. रायफल सोडून माणशी हिशेब असा बसतो.

टेक्सासचे रहिवासी म्हणून तुम्ही कोलोरॅडोत परराज्यातले, त्यामुळे एल्कचा परवानाच ८०० डॉलरच्या आसपास. ड्रॉमध्ये, म्हणजे परवान्यांच्या सोडतीत, अर्ज करायचा तर त्याआधी लहान शिकारीचा किंवा टर्कीचा परवाना घ्यावाच लागतो. तो सुमारे १०० डॉलरचा, आणि एल्कचा नंबर लागला नाही तरी ते पैसे परत मिळत नाहीत. अर्ज फी धरून ९१० म्हणा. बूट २००. काडतुसं आणि रेंजची फी १५०. मांसाच्या पिशव्या, सुऱ्या, दोर ८०. जमिनीच्या हद्दी दाखवणारं नकाशाचं अ‍ॅप, एका राज्यापुरतं, सुमारे ३५. जाता-येता एकेक रात्र मोटेल, निम्मा वाटा १००. शिधा १००.

पेट्रोल लोक नेहमी कमी धरतात. डॅलस ते वायव्य कोलोरॅडो जाऊन-येऊन २,००० मैल, तिथे रोजची ये-जा आणखी २००. सामान लादलेला ट्रक गॅलनला १८ मैल देतो, म्हणजे १२२ गॅलन. सव्वातीन डॉलरच्या भावाने ४०० होतात, तुमच्या वाट्याला २००.

एवढ्यात १,७७५ झाले. एल्क मिळाला तर खाटकाचे ४०० धरा. वर ३०० टायर फुटणं, बर्फात एक दिवस जास्त अडकणं यासाठी. एकूण २,४७५. वर्षात २६ पगार येतात, म्हणजे दर पगाराला ९५ डॉलर. महिन्याला दोनशे आणि पगाराला शंभर यात फरक आहे: पगारावर बांधलंत तर वर्षाला २,६०० होतात, महिन्यावर बांधलंत तर २,४००. वर्षातल्या दोन महिन्यांत तिसरा पगार येतो, तो कुठे गेला हे एरवी कळतही नाही. म्हणून पगार जमा होईल त्याच दिवशी वेगळ्या बचत खात्यात आपोआप वळता होईल असं लावून टाका. ते खाते भारताच्या तिकिटाच्या पैशांशी मिसळू नका. दिवाळी-नाताळची तिकिटं आणि शिकार दोन्ही वर्षाच्या शेवटी येतात, आणि मिसळलेल्या खात्यात तिकीट नेहमी जिंकतं.

एकूण आकड्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे पैसे कधी लागतात. कोलोरॅडोच्या ड्रॉची मुदत एप्रिलच्या सुरुवातीला संपते. तेव्हा फक्त अर्ज फी आणि तो आधीचा परवाना. नंबर लागला तर जूनच्या सुमारास एल्कचे ८०० कापले जातात. कार्डाची मर्यादा कमी असेल किंवा कार्ड बदललेलं असेल आणि ठरलेल्या तारखेपर्यंत पैसे भरले नाहीत, तर परवाना जातो. त्यामुळे जूनपर्यंत खात्यात किमान हजार हवेत. काही युनिटांत (शिकारीसाठी आखलेल्या विभागांत) दुसऱ्या हंगामाचे नर एल्कचे परवाने ड्रॉशिवाय, ऑगस्टपासून विकत मिळतात. पैशाच्या दृष्टीने ते सोपं, पण तिथे गर्दी असते. चालू वर्षाची पुस्तिका कोलोरॅडो पार्क्स अँड वाइल्डलाइफच्या साइटवर उघडून युनिटचा क्रमांक तपासा. गेल्या वर्षीच्या पुस्तिकेवर विसंबू नका, नियम बदलत राहतात.

कायद्याचंबोला
पैशाआधी एक गोष्ट. तुम्ही एच-१बी वर आहात. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या, व्हिसावरच्या माणसाने बंदूक किंवा काडतुसं बाळगणं हा गुन्हा आहे. अपवाद मोजके, त्यातला आपल्या कामाचा एकच: अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचा वैध शिकार परवाना जवळ असेल तर चालतं. एफ-१ आणि एल-१ वाल्यांनाही हेच लागू. ग्रीन कार्डवाल्यांना ही अट नाही.

म्हणजे प्रश्न फक्त खरेदीचा नाही. मित्राची रायफल रेंजवर हातात घेणं हेसुद्धा बाळगणंच धरलं जातं. काडतुसांचा डबा तुमच्या गाडीत, तुमच्या ताब्यात असला तरी तेच.

उपाय स्वस्त आहे. टेक्सासचा रहिवासी शिकार परवाना २५ डॉलर. तो सरावाला सुरुवात करण्याआधी घ्या. पण टेक्सासचं परवाना वर्ष ३१ ऑगस्टला संपतं, तुम्ही परवाना कधीही घेतलेला असो. नवे परवाने १५ ऑगस्टपासून विकायला येतात. त्या पंधरवड्यात नवा घ्यायचा राहिला आणि दुसरा कुठला वैध शिकार परवाना जवळ नसेल तर १ सप्टेंबरला घरातली रायफल बेकायदा ठरते. कॅलेंडरवर १५ ऑगस्ट लक्षात राहायला आपल्याला अडचण नसावी. टेक्सासमध्ये खाजगी जमिनीवर रानडुक्कर मारायला २०१९ पासून परवाना लागत नाही, आणि त्यावरून बरेच जण गोंधळतात. डुकरासाठी लागत नसेल, तुम्हाला बंदुकीसाठी लागतोच.

दुकानातून रायफल घेताना फॉर्म ४४७३ हा संघीय सरकारचा बंदूक खरेदीचा फॉर्म भरावा लागतो. त्यात नागरिकत्व आणि व्हिसाचे प्रश्न खरेखुरे भरायचे आणि परवाना दाखवायचा. सोबत पासपोर्ट, आय-९४ (अमेरिकेत प्रवेशाची नोंद) आणि टेक्सासचं ओळखपत्र न्या.

आणि हंटर एज्युकेशनचा कोर्स. कोलोरॅडोत १ जानेवारी १९४९ किंवा नंतर जन्मलेल्या प्रत्येकाला, टेक्सासमध्ये २ सप्टेंबर १९७१ किंवा नंतर जन्मलेल्याला तो सक्तीचा. टेक्सासचं प्रमाणपत्र कोलोरॅडोत चालतं. १७ वर्षं किंवा त्याहून मोठ्यांना टेक्सासमध्ये तो पूर्ण ऑनलाइन करता येतो. एप्रिलच्या अर्जाआधी हातात हवा, म्हणून जानेवारीतच उरका.

रानवारा
व्हिसाची ही बाब अजिबात माहीत नव्हती. मनापासून आभार. परवाना घेतल्याशिवाय रेंजवर जाणार नाही.
वायोमिंग स्वस्त पडेल असं एक जण म्हणाला. खरं का?

कोरडा_ओढा
एल्कसाठी नाही. वायोमिंगचा परराज्यातल्यांचा साधा एल्क परवाना ६९२ डॉलर, अर्ज फी १५. कोलोरॅडोपेक्षा थोडा कमी दिसतो, पण पूर्ण रक्कम अर्जाबरोबरच भरावी लागते, आणि परराज्यातल्यांसाठी एल्कची मुदत जानेवारीच्या शेवटी-फेब्रुवारीच्या सुरुवातीला. तुमची बचत तेव्हा कुठे सुरू झालेली असेल. मग लोक क्रेडिट कार्डावर टाकतात. नंबर लागला नाही तर ६९२ परत येतात, पण निकाल मे महिन्यात. २४ टक्के व्याजाने चार महिन्यांचे पंचावन्न-छप्पन डॉलर हकनाक जातात. शिवाय वायोमिंगच्या संघीय वाइल्डरनेस (राखीव रानाच्या) भागात परराज्यातल्या माणसाला परवानाधारक गाइड किंवा तिथला रहिवासी सोबत असल्याशिवाय मोठी शिकार करता येत नाही. नकाशावर उत्तम दिसणारा अर्धा डोंगर त्यामुळे बाद होतो.

माझं स्पष्ट मत: पहिल्या वर्षी एल्क करूच नका. वायोमिंगमध्येच प्रॉन्गहॉर्नच्या (माळावरच्या हरणासारख्या प्राण्याच्या) मादीचा परवाना परराज्यातल्याला ३४ डॉलरला मिळतो. अर्ज फी आणि सुमारे २० डॉलरचा कॉन्झर्व्हेशन स्टँप धरूनही शंभराच्या आत. मुदत १ जूनच्या आसपास, म्हणजे घाई नाही. प्रवास जवळजवळ तेवढाच, तरी माणशी हजाराच्या आत सगळं बसतं. उरलेले दीड हजार दुसऱ्या वर्षाच्या एल्कसाठी तसेच राहू द्या. एका वर्षात रायफल, अंतराचा अंदाज, प्राणी सोलणं आणि मांस थंड ठेवणं हे चारही शिकून होतं. ८०० डॉलरचा परवाना खिशात असताना या गोष्टी पहिल्यांदा करणं महागात पडतं.

अडचण एकच. मादीचे बरेच परवाने ज्या युनिटांत निघतात तिथे जमीन खाजगी असते. अर्ज करण्याआधी नकाशात बीएलएमची (संघीय सरकारची) जमीन आणि राज्याचे वॉक-इन एरिया (शिकाऱ्यांना खुल्या केलेल्या खाजगी जमिनी) किती आहेत ते बघा. सरकारी जमीन तुकड्या-तुकड्यांत असेल आणि तिथे रस्ताच पोचत नसेल तर ३४ डॉलरचा परवाना फुकट.

पै_पैसा
कोरडा_ओढा यांच्याशी अर्धा सहमत. प्रॉन्गहॉर्न स्वस्त हे खरं, पण सपाट माळावरची ती शिकार एल्कच्या डोंगराची तयारी करून देत नाही. डॅलस समुद्रसपाटीपासून साडेचारशे फुटांवर, तुमचा तंबू नऊ हजारांवर. दोन दिवस डोकं दुखण्यात गेले तर सातातले पाचच उरतात. एक दिवस आधी पोचायचं, आणि तो दिवस रजेत आणि शिध्यात धरायचा. दोन शनिवार-रविवार जोडले तर पाच ते सहा रजा. रजा बिनपगारी असेल तर हा सगळ्यात मोठा खर्च, आणि तो कोणीच यादीत लिहीत नाही.

तुमच्या दुसऱ्या हंगामाला दिवाळी आडवी येऊ शकते, ती दरवर्षी सरकते. २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. त्या वर्षी दुसरा हंगाम मोकळा, तिसरा नेमका दिवाळीत. घरी बोलून मग तारखा ठरवा. परवाना घेतल्यावर बदलणं सोपं नसतं.

सुरीकाम
मांसाचं कोणी बोललं नाही, म्हणून लिहिते. पैसे सगळ्यात जास्त इथे वाया जातात.

मोठ्या नराचं हाडं काढून साधारण १८० ते २५० पौंड मांस निघतं. त्याला २५० ते ३०० क्वार्ट (क्वार्ट म्हणजे जवळजवळ एक लिटर) कूलर लागतो, म्हणजे दीडशेचे दोन. महागडे घेऊ नका, साधे जाड भिंतीचे पुरतात, जुनेही चालतात. बर्फाच्या पिशव्या तिथे जाऊन घेण्याऐवजी दुधाचे एक गॅलनचे रिकामे कॅन पाण्याने पाऊण भरून घरच्या फ्रीझरमध्ये गोठवून न्या. फुकट पडतात, आणि वितळले तरी पाणी मांसाला लागत नाही. सुटा बर्फ वापरलाच तर कूलरचं बूच उघडं ठेवा. पाण्यात भिजलेलं मांस पांढुरकं पडतं आणि वास धरतं.

एल्कचं कातडं जाड आणि आयाळ दाट. बाहेर बर्फ असला तरी मागच्या मांडीत, खुब्याच्या सांध्याजवळ उष्णता अडकून राहते, आणि सगळ्यात आधी तिथेच मांस आतून आंबतं. बाहेरून काही दिसत नाही, घरी कापल्यावर कळतं. म्हणून पडल्यावर लगेच कातडं काढायचं, मांडी धडापासून वेगळी करून हाडापर्यंत उघडायची, जाळीच्या पिशवीत घालून सावलीत हवेशीर टांगायची. रात्रभर गार झाल्यावरच कूलरमध्ये. कोलोरॅडोत नर की मादी याचा पुरावा मांसाच्या एका तुकड्याला नैसर्गिकरीत्या जोडलेला राहावा लागतो, तो कापून टाकू नका. हरणांच्या मेंदूला होणाऱ्या सीडब्ल्यूडी या रोगामुळे मेंदू आणि मणका टेक्सासमध्ये आणायचा नाही, म्हणून हाडं तिथेच काढा. रोगाची तपासणी काही युनिटांत सक्तीची आणि मोफत असते, इतरत्र सुमारे २५ डॉलर. निकाल येईपर्यंत पुड्यांवर तारीख घालून ठेवा.

खाटकाचे ४०० वाचवता येतात. खिमा यंत्र आणि व्हॅक्यूम सीलर दोघांत मिळून घ्या, किंमत दोन प्राण्यांत वसूल होते. सात घनफुटांच्या डीप फ्रीझरमध्ये एक एल्क बसतो. चरबी जवळजवळ नसते, त्यामुळे पाठीचं मांस जास्त शिजवलं तर चामड्यासारखं होतं. खांद्याचं आणि पायाचं मात्र आपल्या सुक्या मटणासारखं कांदा-खोबऱ्याच्या वाटणात, कुकरला जास्त शिट्ट्या देऊन करा. खाटकाकडे देताना हे तुकडे "सगळं खिमा" म्हणून घालवू नका.

रानवारा
सुरीकाम ताई, हे छापून फ्रीझरवर लावतो. शेवटचं: मित्राच्या दोन रायफलींपैकी एक .३०-०६ काडतुसाची, दुसरी .२२३ ची. नवी घ्यावी का?

कायद्याचंबोला
.३०-०६ पुरेशी आहे. .२२३ कोलोरॅडोत एल्कसाठी चालत नाही: गोळीचा व्यास किमान .२४ इंच आणि वजन किमान ८५ ग्रेन (गोळीच्या वजनाचं माप) हवं. पाचशे-सहाशे डॉलर नव्या रायफलीत घालण्यापेक्षा त्यातले दीडशे .३०-०६ च्या काडतुसांत घाला. १६५ किंवा १८० ग्रेनची एकच जात निवडा आणि सराव व शिकार दोन्ही त्याच जातीवर करा. गोळी बदलली की निशाणा सरकतो, आणि स्वस्त काडतुसांवर सराव करून महाग काडतूस डोंगरावर पहिल्यांदा झाडणारे लोक तिथेच चुकतात. साठ-सत्तर गोळ्या पुरे, पण त्यातल्या निम्म्या बसून आणि गुडघ्यावर, बाकावरून नाही. रायफलवरची दुर्बीण रस्त्यात हलते, म्हणून तिथे पोचल्यावर सुरक्षित जागी तीन गोळ्या झाडून तपासा. त्या तीन वेगळ्या ठेवा.

नारिंगी जाकीट आणि टोपी यादीत दिसली नाही. कोलोरॅडोत रायफल हंगामात कमरेच्या वर ५०० चौरस इंच चमकदार नारिंगी किंवा गुलाबी रंग आणि डोक्यावर त्याच रंगाचं काही असणं सक्तीचं आहे. दोन्ही मिळून तीस डॉलरच्या आत येतं.