अनुभव धागा: खान्देशातून मुंबई, शनिवार-रविवार, खाणं आणि वाईन

आपल्याकडे शेवभाजीवर तासभर बोलणारे शंभर भेटतात, वाईनचं नाव काढलं की माणूस आधी दाराकडे बघतो. म्हणून विचारतो. दोन दिवस मुंबई गाठून मनसोक्त खाल्लं-प्यायलं असेल, तर लिहा. फसलेलंही लिहा.

सुरुवात माझी. शुक्रवारी रात्री जळगावहून गाडी, पहाटे दादर. दुपारी बॅलार्ड इस्टेटला ब्रिटानियात बेरी पुलाव. १९२३ पासूनचं इराणी हॉटेल, भातावर आंबटगोड लाल बेरी. सोबत रास्पबेरी सोडा, कारण पोट संध्याकाळसाठी राखायचं होतं. संध्याकाळी फोर्टात बोंबील फ्राय आणि नाशिकची सोव्हिन्यों ब्लां ही व्हाईट वाईन. बोंबील बाहेरून रव्यानं कुरकुरीत, आत नुसतं लोणी. बायकोनं पहिला घोट घेतला नि म्हणाली, "अहो, ही तर कैरी चिरल्यावर येतो त्या वासाची!" वाईनच्या जाडजूड वर्णनांत इतकं नेमकं मी कुठं वाचलं नाही.

*

भुसावळकर. आम्ही लोअर परळच्या एका महागड्या ठिकाणी रेड वाईन मागवली. ग्लास हाताला कोमट लागला. सांगितलं तर वेटर म्हणे, "सर, रेड रूम टेंपरेचरलाच देतात." अरे भो, ती रूम युरोपातली! १६ ते १८ अंश. मुंबईच्या मे महिन्यातली नव्हे, आणि आमच्या भुसावळची तर नव्हेच नव्हे. बर्फाची बादली मागितली, दहा मिनिटं बाटली बुडवून ठेवली, तेव्हा कुठं चव आली. शेजारचं टेबल हसत होतं. हसू द्या.

*

धुळ्याहून आग्रा रोडनं कार काढली, वाटेत नाशिकला वायनरी बघायची म्हणून. द्राक्षतोडणीचा हंगाम जानेवारी ते मार्च, आम्ही पोचलो मे महिन्यात! एप्रिलची खरड छाटणी होऊन गेलेली, वेलीवर एक मणी नाही. टेस्टिंग मात्र झकास झालं. रेडच्या तीन बाटल्या घेऊन डिकीत टाकल्या आणि तशाच दोन दिवस मुंबईच्या उन्हात फिरवल्या. घरी उघडायला गेलो तर एकीचं बूच बोटभर वर आलेलं, आतून शिजवलेल्या जांभळाचा वास. चूक शंभर टक्के माझी. तेव्हापासून थर्माकोलचा डबा घेतल्याशिवाय निघत नाही.

*

मी फैजपूरची, शाकाहारी, त्यामुळे बोंबलाचं कौतुक तुम्हालाच. मुलगा अंधेरीला राहतो. डिसेंबरात जाताना कापसाच्या काड्यांवर भाजलेली वांगी डब्यात घालून नेली. गॅसवर भाजली तर तो धूर येत नाही, मग भरीत कसलं? तिथे मिरची-लसूण ठेचून भरीत केलं, वर कांद्याची पात, शेंगदाणे. कळण्याच्या भाकरी घरूनच. पोरानं हौसेनं शिराझ, म्हणजे रेड वाईन, उघडली आणि पहिल्या घासालाच दोघांच्या डोळ्यांत पाणी! अल्कोहोल नि द्राक्षाच्या सालीचा तुरटपणा तिखटाला आणखी पेटवतात, हे तेव्हा कळलं. दुसऱ्या दिवशी किंचित गोडसर व्हाईट वाईन, शेनिन ब्लां, फ्रिजमधून काढलेली गार. तिखट तसंच राहिलं, पण जीभ निवली. जळगावच्या भरीताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, नाशिकच्या वाईनलाही मानांकन आहे. दोन मानकरी एका ताटात भेटले म्हणायचे.

*

ताई, भरीताचा अनुभव वाचून भूक लागली. माझा छोटासाच. गांधी जयंतीला जोडून सुट्टी आली म्हणून मुंबई गाठली. ड्राय डे! दोन दिवसांतला एक ताकावर काढला.

*

चोपड्याहून. मुंबईहून येताना एक बाटली आणली नि फ्रिजच्या दारात, दुधाच्या पिशवीमागे लपवली. सासूबाईंनी दुसऱ्याच दिवशी काढली. "हाई काय शे?" तोंडातून निघालं, द्राक्षासव. त्यांनी स्टीलच्या वाटीत दोन चमचे ओतून घेतले, तोंड वाकडं केलं आणि म्हणाल्या, वैद्याचं गोड असतं, हे परत करून ये.

बाटली अजून तिथंच आहे. पातळी मात्र दर आठवड्याला थोडी खाली जाते, आणि मी तर हात लावलेला नाही.