कमिशन स्टेटमेंटवर 'देय' लिहायचं की 'येणे'?

आमच्या कमिशन एजंटांना महिन्याचं स्टेटमेंट मोबाईलवर दिसतं, आता प्रत्येक शब्दापुढे गोलातलं आय चिन्ह येणारे, दाबलं की दोन ओळींत अर्थ उघडेल, आणि त्या मराठी ओळी मी लिहितेय. पहिल्याच शब्दावर अडलंय. 'देय कमिशन ४,२००' असं होतं तर परवा एकाचा फोन, "मॅडम, मी कंपनीला ४,२०० कशाचे देणं लागतो?" त्याचं चुकलं असं मला वाटत नाही, वीजबिलावर देय रक्कम म्हणजे आपणच भरायची ना. दुसरा शब्द क्लॉबॅक, म्हणजे माल परत आला की दिलेलं कमिशन कापतात ते. 'वसुली' सुचवलंय कोणीतरी, पण वसुली थकबाकीदाराकडून करतात हो, या माणसाने काय बुडवलंय?

—

'येणे' लिहा. ज्याच्या हातात कागद, त्याच्या बाजूने शब्द. मार्केट यार्डातली शेतकऱ्याची पट्टी बघा, वर वजन नि भाव, खाली हमाली, तोलाई (फळं-भाजीपाल्याची आडतही २०१६ पर्यंत त्यातच कापायचे, मग ती खरेदीदारावर गेली), शेवटी हातात किती ते. क्लॉबॅकला सरळ 'माल परत, कमिशन वजा' लिहा.

—

कमिशनला दलाली करू नका प्लीज, कोणालाच आवडणार नाही. आणि आगाऊ रक्कम असेल तर 'उचल' हा आपला तयार शब्द आहे, ऊसतोडीला जाताना मुकादमाकडून घेतात नि कामातून फेडतात तीच. फक्त जपून, कारखान्याची 'पहिली उचल' म्हणजे उसाच्या बिलाचा पहिला हप्ता, तो परत फेडायचा नसतो, तेव्हा फेडायची आहे हे टिपेत यायलाच हवं.

—

उचल एकदम पटलं! असं लिहिलंय बघा: 'उचल वजा: तुम्ही आगाऊ घेतलेल्या ५,००० पैकी या महिन्यात २,००० कापले, ३,००० फेडायचे राहिले.' टीडीएसला 'तुमच्या नावावर सरकारकडे भरलेला कर, २ टक्के', आधी तिथे ५ होतं, ऑक्टोबर २०२४ मध्ये दर उतरला तरी मजकूर तसाच राहिला होता, तोही बदलला. आता एकच राहिलं, बिल झालंय पण गिऱ्हाईकाचे पैसे आले नाहीत तोवरचं कमिशन. 'धरलेलं' लिहिलं तर हिशोबात धरलं असं वाचतील की अडवून धरलं असं?